स्पेलिंग एक, शब्द दोन: खोटं बोलण्याचं ‘लीझिंग’ आणि भाडेपट्ट्याचं ‘लीसिंग’

१६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये (बायबलचं इंग्रजी भाषांतर) चौथ्या स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात माणसं ‘लीझिंग’च्या मागे लागली आहेत, आणि पाचव्या स्तोत्राच्या सहाव्या वचनात ‘लीझिंग’ बोलणाऱ्यांचा देव नाश करणार आहे. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे इथे जमिनीचा नाहीतर गाडीचा करार येतो, कारण स्पेलिंग अगदी तेच: leasing. पण मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी ‘काझाव’ आहे, म्हणजे खोटं. १८८५ च्या सुधारित आवृत्तीत म्हणूनच हा शब्द काढून ‘असत्य’, ‘खोटं’ अशा अर्थाचे सरळ शब्द घातले.

जुन्या इंग्रजीत ‘लेआस’ हे विशेषण होतं. अर्थ ‘विरहित’, त्यावरून सत्यविरहित, म्हणजे खोटा. त्याचं नाम ‘लेआसुंग’, आणि तेच पुढे ‘लीझिंग’ झालं. आपल्याकडे ‘हीन’ जसा शब्दाच्या शेवटी लागतो, तसा हा ‘लेआस’ ‘होमलेस’, ‘एंडलेस’च्या शेवटी आजही टिकून आहे. (‘कमी’ या अर्थाच्या ‘लेस’शी त्याचं काही नातं नाही, स्पेलिंग सारखं असलं तरी.) ‘सैल’ या अर्थाचा ‘लूज’ हा त्याचा भाऊबंद, आणि दूरचा नातेवाईक संस्कृतातला ‘लू’ धातू: लुनाति, म्हणजे कापतो.

भाडेपट्ट्याचं ‘लीसिंग’ फ्रेंचमधून आलं. जुन्या फ्रेंचमधल्या ‘सोडणे’ अर्थाच्या क्रियापदावरून, आणि त्यामागे लॅटिन ‘लाक्सारे’, सैल करणे. मालकी आपल्याकडे ठेवून ताबा तेवढा सोडायचा, हा कायद्यातला अर्थ त्यातूनच येतो.

ओळखायचं कसं? उच्चारात जुन्या शब्दात ‘झ’ येतो, नव्यात ‘स’. छापील मजकुरात मात्र कान उपयोगी पडत नाही, तिथे वाक्य पाहावं. नव्या शब्दाबरोबर जमीन, घर, यंत्र, मुदत असं काहीतरी असतंच. जुना शब्द ‘बोलणे’, ‘शोधणे’ यांचं कर्म होऊन एकटा येतो. स्कॉटलंडच्या कायद्यात सर्वाधिक फसगत होते. तिथला ‘लीझिंग-मेकिंग’ हा गुन्हा म्हणजे राजा आणि प्रजेत वितुष्ट आणणारी निंदा करणे. भाडेकराराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. २०१० च्या कायद्याने तो गुन्हाच रद्द झाला.

इंग्लंडच्या बोलींत याच स्पेलिंगचा तिसराही शब्द आहे: कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणे, आपला सरवा. त्याचं मूळ या दोघांहून निराळं, ‘वेचणे’ अर्थाच्या जर्मन ‘लेझन’च्या घरातलं.