सँड क्रीक आणि वॉशिटा: ब्लॅक केटलच्या वस्तीवरचे दोन हल्ले

अमेरिकी घोडदळ आणि शायेन या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या झगड्याबद्दल वाचताना सँड क्रीक आणि वॉशिटा या दोन ठिकाणच्या हल्ल्यांची हमखास गल्लत होते. दोन्हीकडे नोव्हेंबरची पहाट, पाण्याकाठी झोपलेली वस्ती आणि अचानक चालून आलेले घोडेस्वार. वस्तीचा प्रमुखही एकच: गोऱ्यांशी तह करून आपली माणसं जगवता येतील असं मानणारा ब्लॅक केटल. मग एकीकडचे तपशील दुसरीकडे चिकटतात आणि वॉशिटावर हल्ला करणाऱ्या घोडदळाच्या अधिकाऱ्याला, कस्टरला, सँड क्रीकवर नेऊन बसवलं जातं. तो तिथे नव्हताच. १८६४ मध्ये तो पूर्वेकडे अमेरिकेच्या यादवी युद्धात लढत होता.

सँड क्रीकची तारीख २९ नोव्हेंबर १८६४, ठिकाण आजच्या कोलोराडोचा आग्नेय भाग. त्याच सप्टेंबरात ब्लॅक केटल आणि इतर प्रमुख डेन्व्हरजवळ कॅम्प वेल्ड इथे कोलोराडोचा गव्हर्नर जॉन इव्हान्स आणि लष्कराचा कर्नल जॉन चिव्हिंग्टन यांना भेटले होते. फोर्ट लायन या लष्करी ठाण्याच्या आसऱ्याला राहिलो तर लष्कर हात लावणार नाही, या भरवशावर शायेन आणि आरापाहो या दुसऱ्या जमातीतल्या काही कुटुंबांनी सँड क्रीकवर तळ टाकला. चिव्हिंग्टन पूर्वाश्रमीचा मेथडिस्ट धर्मोपदेशक. त्याच्याबरोबर सुमारे ६७५ शिपाई होते आणि त्यांतले बहुतेक शंभर दिवसांच्या बोलीवर भरती झालेले स्वयंसेवक. ब्लॅक केटलने अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण उभारलं, तरी गोळीबार थांबला नाही. दीडशे ते सव्वादोनशेच्या आसपास माणसं मारली गेली. त्यांत बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त. शिपायांनी प्रेतांची विटंबना केली आणि कापून आणलेले अवयव डेन्व्हरमध्ये लोकांना दाखवले.

हे जगाला कळलं ते मुख्यतः सैन्यातल्याच काही माणसांमुळे. कॅप्टन सायलस सूलने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. नंतर त्याने जे पाहिलं ते पत्रात लिहिलं, चौकशीपुढे साक्ष दिली आणि एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. या माणसाचं नाव चिव्हिंग्टनच्या आधी लक्षात राहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीने हल्ल्याचा कडक निषेध केला, इव्हान्सला पद सोडावं लागलं. चिव्हिंग्टन मात्र तोवर सैन्यातून बाहेर पडला होता, त्यामुळे त्याच्यावर खटला चाललाच नाही.

वॉशिटा चार वर्षांनंतरची: २७ नोव्हेंबर १८६८, आजचा पश्चिम ओक्लाहोमा. इथे हंगामी भरती नव्हती, अमेरिकेच्या नियमित सैन्याची सातवी घोडदळ पलटण होती, तिचं नेतृत्व कस्टरकडे होतं आणि मोहीम जनरल फिलिप शेरिडनची. हिवाळा मुद्दाम निवडलेला. गवत संपलेलं, घोडे रोडावलेले, वस्ती चटकन हलू शकत नाही. हुकूम स्पष्ट होता: वस्त्या आणि घोडे नष्ट करा, लढवय्यांना मारा किंवा फाशी द्या, बायकामुलांना धरून आणा.

निमित्तही होतं आणि ते झाकू नये. ऑगस्टमध्ये शायेन तरुणांच्या टोळीने कॅन्ससमध्ये सलाइन आणि सॉलोमन नद्यांकाठच्या गोऱ्या वसाहतींवर हल्ले करून माणसं मारली होती, बायकांवर अत्याचार केले होते. कस्टर बर्फातल्या ताज्या मागावरून वस्तीपर्यंत पोचला. ती कोणाची, हे त्याला ठाऊक नव्हतं. जेमतेम आठवड्यापूर्वी ब्लॅक केटल फोर्ट कॉब या लष्करी ठाण्यावर जाऊन जनरल हेझनकडे आसरा मागून आला होता. तह करणं माझ्या हातात नाही, शेरिडनशी बोला, असं उत्तर त्याला मिळालं होतं. हल्ल्यात तो आणि त्याची पत्नी नदीपाशी मारले गेले. सँड क्रीकवर नऊ जखमा होऊनही ती वाचली होती.

वॉशिटावर शायेन लढवय्येही जोरात लढले. नदीच्या खालच्या अंगाला शायेन, आरापाहो, कायोवा यांच्या मोठ्या वस्त्या होत्या, तिथून मदत धावून आली. पळणाऱ्यांच्या पाठलागावर गेलेला मेजर जोएल एलियट आपल्या छोट्या तुकडीसकट मारला गेला; कस्टर त्यांचा पत्ता न लावताच संध्याकाळी माघारी फिरला. त्याआधी त्याने ५३ बायकामुलांना कैद केलं आणि आठशेहून अधिक घोडे मारायला लावले. १०३ लढवय्ये मारल्याचा त्याचा दावा होता. शायेनांच्या सांगण्यात मृतांची संख्या बरीच कमी आहे आणि त्यांत बायकामुलंही आहेत.

तेव्हा खरा फरक नेमका कुठे? सँड क्रीकचं कृत्य सरकारने स्वतःच नाकारलं. १८६५ च्या लिटल आर्कान्सा तहात तर त्याची भरपाई देण्याचं कलम आहे. वॉशिटा हे मात्र सरकारचं ठरलेलं धोरण होतं आणि शेरिडनने कस्टरची पाठ थोपटली. म्हणून वॉशिटा मला जास्त अस्वस्थ करते. एका माथेफिरू कर्नलला दोष देऊन तिथे सुटता येत नाही.

आज सँड क्रीकच्या राष्ट्रीय स्थळाच्या अधिकृत नावात हत्याकांड असा उल्लेख आहे, वॉशिटाच्या नावात रणभूमी असा. अनेक शायेन वंशज वॉशिटालाही हत्याकांडच म्हणतात. एलियटची तुकडी लढाईत पडली हे खरं, पण ती नंतरची गोष्ट. पहाटे वस्तीत जे घडलं त्याबद्दल मला त्या वंशजांचं म्हणणं पटतं.