दक्षिणेतल्या सगळ्या नद्या उन्हाळ्यात आटतात? अजिबात नाही!

शाळेपासून डोक्यात बसलंय की बारमाही म्हणजे फक्त हिमालयातल्या, बर्फावरच्या नद्या आणि दक्षिणेतल्या सगळ्या पावसाळी, पण असं नाहीये हो. तमिळनाडूतली ताम्रपर्णी बघा, पोदिगै डोंगरात उगम, तिरुनेलवेलीवरून जात सुमारे १२८ किलोमीटरवर मन्नारच्या आखाताला मिळते आणि वर्षभर वाहते. बर्फाचा कणही नाही! जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी, मग ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी, असा दोनदा पाऊस मिळतो आणि वरचं घनदाट जंगल ते पाणी स्पंजसारखं धरून ठेवतं, हळूहळू सोडत राहतं. हेच कळक्काड-मुंडनतुरै व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. काळंभोर अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा असलेलं सिंहपुच्छ माकड इथलंच, फार सुंदर प्राणी आहे, झाडांवरच राहतो, जमिनीवर क्वचितच उतरतो.