बारा जिल्ह्यांचे विद्यापीठ तीन जिल्ह्यांवर कसे आले

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात विद्यापीठासाठी बांधलेलीच नाही. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर उन्हाळा महाबळेश्वरला काढत आणि पावसाळ्यात पुण्याला येत. त्या मुक्कामासाठी बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, 1864 मध्ये, गणेशखिंडीत या वाड्याचे काम सुरू झाले आणि 1871 मध्ये ते संपले. आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाचा. दगडी बांधणी, इटालियन धाटणी आणि लांबून दिसणारा निशाणाचा उंच मनोरा, असे तिचे रूप आजही कायम आहे.

या वास्तूचा 1897 या सालाशी जो संबंध आहे, तो विद्यापीठाचे आजचे नाव समजून घेताना विसरू नये. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि 10 मार्चला गेल्या. त्याच साथीत घराघरांतून झालेल्या जुलमी झडत्यांनी पुणेकर संतापले होते. 22 जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव याच गव्हर्नमेंट हाऊसमध्ये साजरा झाला आणि तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. 2014 मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले, म्हणजे ज्या वाड्यात साथीच्या त्या वर्षी मेजवानी झडली, त्याच वाड्यावर साथीत प्राण वेचणाऱ्या शिक्षिकेचे नाव लागले. यापेक्षा योग्य नाव या जागेला सापडले नसते, असे आम्हाला मनापासून वाटते.

विद्यापीठ हवे ही मागणी मात्र इमारतीपेक्षा वेगळ्या कारणाने उभी राहिली. 1857 मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे होते. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. त्याचा कारभार इलाखाभर पसरलेला होता. अमळनेरच्या प्रताप कॉलेजातला किंवा सांगलीच्या विलिंग्डनमधला विद्यार्थीही मुंबईचीच परीक्षा देई. पुण्यात तर संशोधनाच्या स्वतंत्र संस्था कधीच उभ्या राहिल्या होत्या: 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ, 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था. 1934 मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज 1939 मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. शिवाय महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ 1916 पासून मातृभाषेतून शिकवत होते आणि 1921 मध्ये निघालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली होती. इतकी विद्वत्ता एका गावात असूनही तिला एकत्र बांधणारे आणि मान्य पदवी देणारे विद्यापीठ गावात नव्हते.

महाराष्ट्रासाठी वेगळ्या विद्यापीठाचा विचार करायला मुंबई सरकारने 1942 मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे 1948 मध्ये पुणे विद्यापीठाचा कायदा झाला आणि 10 फेब्रुवारी 1949 रोजी विद्यापीठ स्थापन झाले. फेडरल कोर्टाचे न्यायाधीश राहिलेले जयकरच पहिले कुलगुरू झाले. कचेरी आधी भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमध्ये थाटली होती, ती 1 जून 1949 पासून गणेशखिंडीत आली. स्वतंत्र देशात गव्हर्नरच्या पावसाळी वाड्याला पूर्वीचे काम उरले नव्हते. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तो वाडा आणि भोवतालची मिळून सुमारे 411 एकर जमीन विद्यापीठाला दिली. पुढच्या सगळ्या इतिहासात या जमिनीइतकी मोलाची देणगी दुसरी नाही.

सुरुवातीला कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचे होते. संलग्न कॉलेजे 18 आणि विद्यार्थी आठ हजारांच्या वर. नव्या विद्यापीठावर पहिल्या दिवसापासून दोन जबाबदाऱ्या होत्या: कॉलेजांच्या परीक्षा घेणे आणि स्वतः संशोधन करणे. दुसऱ्या कामासाठी दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे आवारात स्वतःचे विभाग काढायचे. वनस्पतिशास्त्रात टी. एस. महाबळे यांनी दख्खनच्या खडकांतल्या जीवाश्म वनस्पतींचा अभ्यास रुजवला, रसायनशास्त्रात हरि जीवन अर्णीकर यांनी अणुरसायनाची शाखा उभी केली आणि 1964 मध्ये संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र आले. दुसरी वाट मान्यताप्राप्त संशोधन संस्थांची. डेक्कन कॉलेज, गोखले संस्था किंवा पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांतल्या शास्त्रज्ञाला विद्यापीठ मार्गदर्शक म्हणून मान्यता देई. विद्यार्थी त्याच्या प्रयोगशाळेत काम करी आणि पीएचडी पुणे विद्यापीठाची मिळे. प्रयोगशाळा एकाची, पदवी दुसऱ्याची, या सोयीमुळे फार थोड्या पैशांत फार मोठे संशोधन विद्यापीठाच्या नावावर आले.

मग वाटण्या सुरू झाल्या. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, तेव्हा दक्षिणेकडचे जिल्हे गेले आणि पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव असे पाच उरले. 1960च्या दशकाअखेर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने शेतकी कॉलेजे नेली. 15 ऑगस्ट 1990 रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होऊन धुळे-जळगाव वेगळे झाले. 1998 मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले आणि बी. जे. मेडिकलसारखी वैद्यकीय कॉलेजे तिकडे गेली. मान्यताप्राप्त संस्थाही एकेक करून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या: डेक्कन कॉलेज 1990 मध्ये अभिमत विद्यापीठ झाले, गोखले संस्था 1993 मध्ये. पाषाणच्या प्रयोगशाळेतले बरेचसे पीएचडीचे विद्यार्थी आता, ही प्रयोगशाळा ज्या केंद्रीय संशोधन परिषदेची, त्या सीएसआयआरच्या स्वतःच्या अकादमीकडे नोंद करतात. 2016 मध्ये फर्ग्युसन स्वायत्त झाले आणि 2022 मध्ये सीओईपी हे पुण्याचे जुने सरकारी अभियांत्रिकी कॉलेज स्वतंत्र विद्यापीठ बनले.

एवढे वाटे पडूनही भार हलका झाला नाही. आज कार्यक्षेत्रात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीनच जिल्हे आहेत, पण कॉलेजे सातशेहून अधिक आणि विद्यार्थी सहा लाखांवर. 1983 मध्ये राज्य सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली, आणि त्यानंतर पुणे-नाशिक पट्ट्यात अभियांत्रिकी, व्यवस्थापन, फार्मसी, अध्यापक महाविद्यालये यांची रांगच लागली. जिल्हे कमी होण्याच्या वेगापेक्षा कॉलेजे वाढण्याचा वेग कितीतरी जास्त होता. नाशिक आणि नगरला उपकेंद्रे काढावी लागली ती यामुळेच.

हा भार प्रत्यक्षात कसा असतो, ते एका उत्तरपत्रिकेच्या प्रवासात दिसते. विद्यार्थी परीक्षा अर्ज भरतो, कॉलेज तो तपासून विद्यापीठाकडे पाठवते, मग बैठक क्रमांक मिळतो. पेपर कॉलेजात होतो, गठ्ठे मोहोरबंद होऊन मूल्यमापन केंद्रावर, म्हणजे सगळे ज्याला ‘कॅप’ म्हणतात तिथे, जातात. तिथे विद्यार्थ्याची ओळख झाकली जाते, परीक्षक तपासतो, समीक्षक त्यातल्या काही पुन्हा पाहतो आणि गुण संगणकावर चढतात. याच वेळी अंतर्गत परीक्षेचे आणि प्रात्यक्षिकाचे गुण कॉलेजाकडून वेगळ्या वाटेने येतात. दोन्ही जुळले की निकाल लागतो. कायद्याने शेवटच्या पेपरानंतर 30 दिवसांत, आणि फारच झाले तर 45 दिवसांत निकाल लावायचा असतो.

अडते कुठे? बहुतेक वेळा पेपर तपासण्यात नव्हे, तर त्याच्या दोन्ही टोकांना. एखाद्या कॉलेजाने अंतर्गत गुण वेळेत भरले नाहीत, की लेखी पेपर उत्तम गेलेल्या मुलाचाही निकाल राखून ठेवला जातो आणि गुणपत्रिका हातात नसल्यामुळे त्याचा पुढचा प्रवेश लटकतो. दुसरी अडचण माणसांची. कॉलेजे वाढली ती विनाअनुदानित; तिथले अनेक शिक्षक तासिका तत्त्वावर किंवा तात्पुरते, वर्षभरात कॉलेज बदलणारे. कॅपला अनुभवी परीक्षक कमी पडतात आणि आलेल्यांवर जास्त गठ्ठे येतात. तिसरी अडचण ‘पॅटर्न’ची. अभ्यासक्रम बदलला तरी जुन्या पॅटर्नमधले विषय राहिलेले विद्यार्थी असतातच, त्यांच्यासाठी जुन्या अभ्यासक्रमाचा पेपरही काढावा लागतो. एका विषयाचे दोन-तीन पेपर, तिन्हींची वेगळी छपाई, वेगळे परीक्षक, वेगळी गुणांची मांडणी. चुकीचा पेपर चुकीच्या वर्गात वाटला जातो तो अशाच दिवशी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आता श्रेयांकांची नवी रचना आली आहे, त्यामुळे हा गुंता काही वर्षे तरी राहणार.

आता गणेशखिंडीतल्या जमिनीकडे पुन्हा वळू, कारण संशोधन विद्यापीठ हे नाव सार्थ ठरले ते तिथे. 1980च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने एक शहाणा विचार केला: प्रत्येक विद्यापीठाला महागडी साधने देणे परवडणार नाही, तेव्हा सर्वांसाठी सामाईक केंद्रे काढावीत. खगोलशास्त्राच्या केंद्रासाठी पुण्याची निवड झाली आणि 1988 मध्ये आवारातच आयुका उभी राहिली. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. त्यांनी मराठीतून विज्ञान सांगण्याचे आपले व्रत इथेही चालू ठेवले, शाळकरी मुलांसाठी आयुकाचे दार उघडे ठेवले, हे मराठी वाचकाने कृतज्ञतेने नोंदवावे असे आहे. वास्तू चार्ल्स कोरिया यांची आहे. मधल्या खोलगट चौकाला पायऱ्यांच्या कुंडाचे रूप आहे, आत फुकोचा लंबक झुलतो आणि आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. शेजारीच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रेडिओ खगोल केंद्र आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली याच केंद्राने नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली: प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यांतल्या 14 मधल्या भागात आणि उरलेल्या 16 तीन दिशांना, एकूण सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आणि प्रगत संगणनाचे केंद्र सी-डॅकही याच आवारातले. अमेरिकेने महासंगणक देण्यात अडथळे आणले तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 तयार करून दाखवला, तो इथेच.

या संस्था विद्यापीठाच्या मालकीच्या नाहीत, पण भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.चा विद्यार्थी चालत दहा-पंधरा मिनिटांत आयुकातले व्याख्यान ऐकायला पोचतो, ही सोय देशात फार थोड्या ठिकाणी आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची चिंता वेगळी आहे. अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 एवढेच पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे प्राध्यापकाचे एक पद रिकामे राहिले की संशोधनाच्या आठ जागा बंद होतात. पीएचडी प्रवेशाची ‘पेट’ परीक्षा उत्तीर्ण होऊनही मार्गदर्शक न मिळालेले विद्यार्थी दिसतात, त्याचे मूळ बऱ्याचदा न भरलेल्या पदांत असते.

वाटण्यांचा हा इतिहास ज्यांना रोजच्या कामात भेटतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट. परदेशी प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी जुनी कागदपत्रे, ट्रान्सक्रिप्ट किंवा पदवीची पडताळणी हवी असेल, तर कॉलेज आज कोणत्या विद्यापीठाला जोडलेले आहे हे न पाहता पदवीपत्रावर कोणाचा शिक्का आहे ते पाहावे. 1985 मध्ये जळगावच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्याची नोंद जळगावच्या विद्यापीठात नसते, ती गणेशखिंडीत असते. 1960 मध्ये सांगलीत पुणे विद्यापीठाची बी.ए. झालेल्या आजोबांची नोंदही तिथलीच. अर्जात उत्तीर्ण झाल्याचे वर्ष व महिना, बैठक क्रमांक आणि त्या वेळचे नाव लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी माहेरचे नाव आवर्जून द्यावे. नव्या विद्यार्थ्यांकडे कायम नोंदणी क्रमांक असतो, जुन्यांकडे तो नसतो. अशा वेळी जुन्या गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडली तर शोध सोपा होतो.