लघवीतलं सोयाबीन

उत्तेजकाच्या चाचणीत कुणी सापडला की दोन युक्तिवाद हमखास ऐकू येतात. एक, ‘नमुना नीट ठेवला नव्हता, म्हणून असा निकाल आला.’ दुसरा, ‘आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यायला असता तर सुटला असता.’ अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, पहिल्या युक्तिवादावर एक खेळाडू खरोखर सुटला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्हींत फारसा दम नाही. का नाही, ते कळायला लघवीतला कार्बन मोजावा लागतो.

आधी प्रकरण. १ ऑक्टोबर २०११, शनिवार. मिलवॉकी ब्रूअर्सचा फलंदाज रायन ब्रॉन याचा बाद फेरीतल्या सामन्यानंतर लघवीचा नमुना घेतला गेला. त्या संध्याकाळी कुरियर पुढे जाणार नाही असं समजून नमुना घेणाऱ्याने बाटल्या घरी ठेवल्या आणि सोमवारी माँट्रियलच्या प्रयोगशाळेकडे रवाना केल्या. मधे सुमारे ४४ तास गेले. निकाल आला तो टेस्टोस्टेरॉनचा, आणि बातम्यांनुसार गुणोत्तर २०च्या वर होतं. त्याच हंगामात ब्रॉन नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

गुणोत्तर कशाचं? टेस्टोस्टेरॉन प्रत्येक पुरुषाच्या अंगात असतंच, त्यामुळे ते सापडलं एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. म्हणून त्याच्या जुळ्या भावाशी, एपिटेस्टोस्टेरॉनशी, तुलना करतात. दोघांत फरक एवढाच की सतराव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकात वर तोंड करून असतो, दुसऱ्यात खाली. शरीर एपि फार थोडं बनवतं, पण ते बहुतेक जसंच्या तसं लघवीत उतरतं. टेस्टोस्टेरॉन भरपूर बनतं, पण त्याची वाटेत मोडतोड होते. परिणामी लघवीत दोघं जवळपास बरोबरीने दिसतात, साधारण एकास एक. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की वरचा आकडा फुगतो, खालचा फुगत नाही. संशयाची रेषा पूर्वी ६ वर होती, २००५ पासून जागतिक नियमांत ती ४ वर आणली.

पाणी पिऊन सुटण्याची गोष्ट इथेच संपते. पाण्याने दोन्ही पातळ होतात, गुणोत्तर तेच राहतं. फार पातळ नमुना विशिष्ट घनतेच्या मोजणीत अडकतो आणि दुसरा द्यावा लागतो, ते वेगळंच.

पण गुणोत्तराला पळवाटा आहेत. बाल्को या अमेरिकी कंपनीने खेळाडूंना उत्तेजकं पुरवली होती, त्या प्रकरणातल्या ‘क्रीम’मध्ये टेस्टोस्टेरॉनबरोबर एपिसुद्धा घातलेलं होतं, तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजन टाकल्यासारखं. काहींना तर निसर्गच साथ देतो. टेस्टोस्टेरॉनला ग्लुकुरोनिक आम्लाची शेपटी जोडून लघवीत पाठवणाऱ्या एका विकराचं जनुक काही लोकांत दोन्ही प्रतींत गायब असतं. पूर्व आशियात हे सर्रास आढळतं. अशा माणसाचं गुणोत्तर मुळातच ०.१च्या आसपास असतं. इंजेक्शन घेतल्यावरही त्यांतले बरेच जण ४ ओलांडत नाहीत. दारूने उलट होतं, गुणोत्तर वर सरकतं. म्हणजे हा आकडा संशय घ्यायला ठीक, शिक्षा द्यायला अपुरा.

शिक्षेइतका भक्कम पुरावा कार्बन देतो.

कार्बनचे दोन स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत. शंभरातले जवळपास ९९ अणू कार्बन-१२ चे, उरलेला एखादा कार्बन-१३ चा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं वनस्पतींमधलं विकर म्हणजे रुबिस्को. हलक्या कार्बनची अभिक्रिया किंचित वेगाने होते, त्यामुळे रुबिस्कोच्या हातून १३ वाला कार्बन थोडा जास्त सुटतो. भात, गहू, सोयाबीन यांच्या पानांत रुबिस्को ढिगातून आंबे निवडणाऱ्या गिऱ्हाइकासारखं वागतं. नको ते परत ढिगात, म्हणजे हवेत. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांची तऱ्हा वेगळी. तिथे आधी दुसरंच विकर कार्बन गोळा करतं आणि शिरांभोवतीच्या जवळजवळ हवाबंद पेशींत नेऊन रुबिस्कोसमोर टाकतं. निवडून परत टाकायला जागाच नाही. बंद पेटी घेतली की जे असेल ते खायचं. म्हणून उसात, ज्वारीत जड कार्बन तुलनेने जास्त राहतो.

हा फरक दर हजारी मोजतात, एका ठरावीक मानकाच्या तुलनेत. भात-सोयाबीन गटाचा आकडा उणे २७च्या आसपास, ऊस-मका गटाचा उणे १२च्या आसपास. उणे जितकं मोठं, तितका कार्बन हलका.

बाजारातलं टेस्टोस्टेरॉन कारखान्यात बनतं, आणि त्याचा कच्चा माल बहुतेक वेळा सोयाबीनचे स्टेरॉल किंवा मेक्सिकोतल्या रानकंदातलं डायोसजेनिन. दोन्ही निवडक रुबिस्कोवाल्या वनस्पती, म्हणून औषधाचा आकडा उणे २७च्या पुढेमागे, कधी उणे ३० पर्यंत. माणसाचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन मात्र त्याच्या कोलेस्टेरॉलपासून, आणि कोलेस्टेरॉल त्याच्या जेवणापासून. अमेरिकी माणूस मक्याचा पाक पितो, मक्यावर पोसलेल्या गुरांचं मांस खातो. त्याच्या स्टेरॉईडांचा आकडा उणे १८च्या आसपास येऊ शकतो. (जिमबाहेर ‘वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक’ म्हणून डबे विकणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. हा सगळा चोरीचा मालही वनस्पतीजन्यच आहे.)

फरक किती सूक्ष्म? आकडा उणे २० असेल तर दहा लाख कार्बन अणूंत १३ वाले सुमारे १०,८३८ निघतात. उणे २७ असेल तर १०,७६१. दहा लाखांत ७७ अणूंचा फरक, आणि यंत्र तो आरामात ओळखतं.

तुलना मात्र दुसऱ्या माणसाशी नाही, त्याच लघवीतल्या दुसऱ्या स्टेरॉईडशी करायची. यासाठी सहसा प्रेग्ननडायोल घेतात. तेही त्याच कोलेस्टेरॉलपासून बनतं, पण टेस्टोस्टेरॉनच्या वाटेवर न येणाऱ्या फाट्यावर. बाहेरून कितीही टेस्टोस्टेरॉन घ्या, प्रेग्ननडायोलला त्याचा पत्ता नसतो. दोघांत साधारण ३ किंवा त्याहून जास्त अंतर पडलं की माल बाहेरचा.

थोडं गणित, समजण्यापुरते आकडे घेऊन. खेळाडूचं स्वतःचं उणे १८, औषधाचं उणे २७. लघवीतलं निम्मं टेस्टोस्टेरॉन बाहेरचं असेल तर मिश्रण उणे २२.५, अंतर ४.५, सापडला. पाचवा हिस्साच बाहेरचा असेल तर उणे १९.८, अंतर १.८, निसटला. आता जेवण बदला. तिन्ही त्रिकाळ भात-आमटी खाणाऱ्याचं स्वतःचंच उणे २४ धरा. त्याच्या लघवीतलं ८० टक्के टेस्टोस्टेरॉन औषधाचं असलं तरी मिश्रण उणे २६.४, अंतर २.४, आणि तोही निसटला. या चाचणीत सोलापूरची ज्वारीची भाकरी आणि गूळ खाणारा माणूस भातखाऊपेक्षा लवकर सापडेल. मक्यावर वाढलेला अमेरिकी खेळाडू तर प्रयोगशाळेला सोयीचाच. उलट, ज्या उत्पादनाचा आकडाच उणे २४च्या जवळ असेल ते मक्यावाल्याच्या लघवीतही कमी अंतर दाखवतं. तसला मालही काळ्या बाजारात सापडलेला आहे.

मोजतात कसं? लघवीतली स्टेरॉईडं ग्लुकुरोनिक आम्लाची शेपटी लावून येतात. ई-कोलाय जिवाणूंपासून मिळवलेलं विकर घालून, साधारण ५० अंशांवर तासभर ठेवून ती तोडतात. मग द्रावकात ओढून घेतात आणि द्रव क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे एका स्तंभातून वाहवून, एकेक स्टेरॉईड वेगळं करतात; बाहेर पडताना प्रत्येकाचं आलेखावर एक शिखर उमटतं. ही सगळ्यात नाजूक पायरी. जड आणि हलके रेणू स्तंभातून अगदी एकाच क्षणी बाहेर पडत नाहीत; शिखराचा पुढचा भाग घेतला आणि मागचा सोडला तर आकडा खोटा येतो. शिखर अख्खं गोळा करावं लागतं. दुसरा धोका शेजाऱ्याचा. दुसरं स्टेरॉईड त्याच शिखराखाली दडलं असेल तर त्याचा कार्बन यात मिसळतो. तिसरा ॲसिटिलीकरणाचा. रेणू वायुरूपात नीट जावा म्हणून त्याला ॲसिटेट गट जोडला, तर टेस्टोस्टेरॉनच्या १९ कार्बनांत बाटलीतल्या रसायनाचे २ उपरे कार्बन येतात, ते हिशोबातून वजा करावे लागतात.

त्यानंतर वायू क्रोमॅटोग्राफी, आणि तिच्या टोकाला तांब्याच्या ऑक्साइडची भट्टी, ८५० अंशांच्या वर. स्टेरॉईड जळतं, कार्बन डायऑक्साइड होतो, पाणी काढून टाकतात, आणि तो वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे आयन वजनाप्रमाणे वेगळे करणाऱ्या यंत्रात, जातो. तिथे तीन कप एकाच वेळी ४४, ४५ आणि ४६ वस्तुमानाचे आयन मोजतात. ४५ वाले सगळे कार्बन-१३ चे नसतात, काहींत ऑक्सिजन-१७ बसलेला असतो; तो किती ते ४६ च्या प्रवाहावरून काढून वजा करायचं. खुद्द टेस्टोस्टेरॉन लघवीत फार थोडं असतं, म्हणून त्याच्या मोडतोडीतून बनणारी अँड्रोस्टेरोन आणि एटिओकोलानोलोन हीही मोजतात. ती शंभरपट असतात आणि कार्बनचा सांगाडा तोच असतो.

आता ब्रॉनची बाटली. दोन दिवस खोलीच्या तापमानाला राहिलेल्या लघवीत जिवाणू वाढू शकतात, ते शेपट्या तोडू शकतात, गुणोत्तर थोडंफार हलवू शकतात. पण एका स्टेरॉईडाचा मक्याचा कार्बन काढून तिथे सोयाबीनचा बसवणं कुठल्याच जिवाणूला जमणारं नाही. आणि ब्रॉनच्या नमुन्यात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन असल्याचंच बातम्या सांगत होत्या. बाटल्यांची सीलंही शाबूत होती.

तरीही २३ फेब्रुवारी २०१२ रोजी लवाद श्याम दास यांनी ५० सामन्यांची बंदी रद्द केली. ब्रॉनची बाजू कार्बनवर बोललीच नाही. नियमात नमुना त्याच दिवशी रवाना करायचा होता, तो केला नाही, एवढ्यावर ती लढली. नमुना कधी कुणाच्या हातात होता, या साखळीचा नियम महत्त्वाचाच आहे. तो सैल सोडला तर उद्या खरोखर बदललेली बाटलीही चालवून घेतली जाईल. मेजर लीगने त्याच वर्षी मे महिन्यात दास यांना लवादपदावरून काढलं. कायद्याचा निकाल पटला नाही म्हणून न्यायाधीश बदलायचा, हा प्रकार काही शोभणारा नव्हता. पुढे २०१३ मध्ये खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या फ्लोरिडातल्या बायोजेनेसिस दवाखान्याची कागदपत्रं बाहेर आली. ब्रॉनला ६५ सामने बाहेर बसावं लागलं आणि २०११च्या हंगामात मलम व चघळायची गोळी घेतल्याचं त्याने ऑगस्टमध्ये कबूल केलं.

चघळायच्या गोळीमागेही हिशोबच आहे. तोंडातल्या त्वचेतून शिरलेलं टेस्टोस्टेरॉन काही तासांत ओसरतं, इंजेक्शनचं आठवडे रेंगाळतं. अशी गोळी सामन्याच्या जरा आधी घेतली की सामना संपेपर्यंत नमुना साफ, असं ती पुरवणाऱ्या, बायोजेनेसिसच्या अँथनी बॉशने पुढे दूरचित्रवाणीवर सांगितलं. त्याला २०१५ मध्ये चार वर्षांची कैद झाली. याच प्रकरणात न्यूयॉर्क यँकीजच्या ॲलेक्स रॉड्रिग्जवर २११ सामन्यांची बंदी लागली ती चाचणीवर नव्हे, कागदपत्रं आणि साक्षीवर. लवादाने ती १६२ वर आणली.

१६२ हा आकडा म्हणजे एका संघाचा पूर्ण हंगाम. २००५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० दिवस होते. २००६ पासून पहिल्याला ५० सामने, दुसऱ्याला १००, तिसऱ्याला आजन्म. २०१४ पासून ८०, १६२, आजन्म, आणि त्या हंगामाची बाद फेरीही बंद. बंदीच्या काळात पगार नाही. न्यूयॉर्क मेट्सच्या रॉबिन्सन कानोला दुसऱ्या बंदीत २०२१चे सुमारे २.४ कोटी डॉलर सोडावे लागले. त्याच २०१४च्या करारात प्रत्येक खेळाडूच्या किमान एका नमुन्याची कार्बन चाचणी सक्तीची झाली, गुणोत्तर संशयास्पद असो वा नसो. गुणोत्तराची रेषा कधीच न ओलांडणारे लोक यातच सापडू शकतात.

काही पदार्थांना कार्बनची गरजच नाही. सॅन डिएगो पाद्रेसच्या फर्नांडो तातीस ज्युनियरला ऑगस्ट २०२२ मध्ये ८० सामने मिळाले ते क्लोस्टेबोलसाठी. हे टेस्टोस्टेरॉनच, फक्त चौथ्या कार्बनवर क्लोरीन. शरीर असलं काही बनवत नाही, सापडलं की संपलं. नायट्यावरच्या औषधातून ते गेलं असं त्याने सांगितलं. नायटा होतो बुरशीने. क्लोस्टेबोलच्या प्रचलित मलमात सोबत असतं ते निओमायसिन, जिवाणूंवरचं. अपील त्याने मागे घेतलं.

बोल्डेनोन मात्र टेस्टोस्टेरॉन आणि क्लोस्टेबोल यांच्या मधे पडतं. ते घोड्यांसाठीचं स्टेरॉईड, पण अगदी थोड्या प्रमाणात आतड्यातले जिवाणूही बनवू शकतात, म्हणून कमी मात्रेत सापडलं तर पुन्हा कार्बनच मोजायचा. न्यूयॉर्क मेट्सचा हेन्री मेहिया एप्रिल २०१५ मध्ये स्टॅनोझोलोल या कृत्रिम स्टेरॉईडवर सापडला, जुलैमध्ये स्टॅनोझोलोल आणि बोल्डेनोनवर, फेब्रुवारी २०१६ मध्ये पुन्हा बोल्डेनोनवर. चाचणीत तीनदा सापडून आजन्म बंदी झालेला मेजर लीगमधला तो पहिला. २०१८ मध्ये ती बंदी सशर्त उठवण्यात आली.