माणेगावचा दगड आणि पाहणाऱ्याची साक्ष

१८४३ साली खानदेशात, एदलाबादजवळच्या (आजचं मुक्ताईनगर) माणेगावात आकाशातून दगड पडला. तो डायोजेनाइट या दुर्मीळ जातीचा निघाला. असे दगड वेस्टा या लघुग्रहावरून सुटून आल्याचं मानलं जातं. उल्कापाषाणांच्या यादीत माणेगावची नोंद ‘पडताना पाहिलेला’ अशी आहे, आणि माझ्या मते तिचं मोल त्या दोन शब्दांत आहे.

कारण पाहणाऱ्याचा शब्द खरा धरायला विद्वानांनी फार वेळ लावला. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार नोंदवले, पण तिथे शोध शुभाशुभ फळांचा होता. युरोपात तर दगड पडल्याच्या गोष्टी भाकडकथा ठरत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाडनीने १७९४ मध्ये अशा जुन्या साक्षी गोळा करून दगड अंतराळातून येतात असं मांडलं, तेव्हा त्याची टिंगल झाली. १७९८ मध्ये बनारसजवळ दगड पडले आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हॉवर्डने १८०२ मध्ये त्यांच्या पृथक्करणात निकेल दाखवलं, जे जमिनीवरच्या साध्या दगडांत असं क्वचितच आढळतं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेगलला दगडांचा वर्षाव झाला. फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ तिथे गावोगाव हिंडला, शेतकऱ्यांना विचारत गेला, आणि शंका संपली. १८३३ च्या सिंह उल्कावर्षावानंतर अमेरिकेत ओल्मस्टेड या खगोलशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रातून लोकांकडे माहिती मागितली.

पद्धत आजही तीच आहे. चोपड्याहून अग्निगोल, म्हणजे फार तेजस्वी उल्का, दक्षिणेला दिसला आणि चाळीसगावहून उत्तरेला, तर त्याची वाट दोन्हींच्या मधून गेली हे कळतं. एकाच गावची साक्ष इथे अपुरी पडते. उजेडानंतर आवाज किती सेकंदांनी आला हेही मोलाचं, कारण ध्वनीला किलोमीटरला सुमारे तीन सेकंद लागतात, आणि त्यावरून अंतराचा अंदाज येतो.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी जळत जाणारे तुकडे पाहिले. अनेकांना ती उल्का वाटली, पण ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. चंद्रपूर जिल्ह्यात त्याचं धातूचं कडं सापडलं. उल्का बहुधा काही सेकंदांत विझते, अवशेष मात्र सावकाश, आडवे सरकतात. त्यामुळे किती वेळ दिसलं, हा पहिला प्रश्न.

रात्रपाळीच्या विजेवर केळीला पाणी भरणारा खानदेशी शेतकरी आकाशाखाली जागाच असतो. त्याने वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि रंग लगेच लिहून ठेवला, तर त्याची साक्ष कामी येते; आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या अग्निगोल कळवण्याच्या अर्जात हेच विचारलेलं असतं.