गाडी चालत आणा, पोत्यात नको

जुन्या मारुती आठशेची, झेनची किंवा अल्टोची रॅली गाडी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "गाडी सगळी उघडून ठेवलीय, आता फक्त जोडायचीय." यातल्या 'फक्त' या शब्दाने आमचे दिवसच्या दिवस खाल्ले आहेत, आणि ते दिवस शेवटी तुमच्याच बिलात येतात. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा छापून टाकावं म्हणून हे पत्रक.

तुम्हाला काय हवंय ते आम्हाला बरोबर कळतं. वडिलांची किंवा ओएलएक्सवरून घेतलेली आठशे, पुढे चार गोल दिवे, बॉनेटला चामडी पट्टे, दारावर पांढरा गोल आणि त्यात नंबर. डोळ्यांसमोर असते मिनी कूपर. १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वर्षं माँटे कार्लो रॅली जिंकणारी ती चिमुकली गाडी. आठशेचं गणितही तिच्याच जातीचं आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. एवढ्या हलक्या गाडीला फार ताकद लागत नाही. नीट थांबणारी, नीट वळणारी आणि खड्ड्यात न मोडणारी गाडी लागते. आम्ही करतो ते काम बहुतांशी एवढंच आहे.

चार पोत्यांची गोष्ट

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतले एक ग्राहक. गाडी १९९८ ची, वडिलांनी जपलेली, चालू स्थितीतली. त्यांनी व्हिडिओ बघून पार्किंगमध्येच दर रविवारी एकेक भाग काढायला सुरुवात केली. हौस दांडगी होती आणि हातही वाईट नव्हता. पण दोन महिन्यांनी सोसायटीची नोटीस आली, मग पाऊस आला, आणि एका सकाळी टेम्पोतून आमच्या दारात उतरला तो रिकामा सांगाडा, वेगळं काढलेलं इंजिन आणि तांदळाची चार पोती. एका पोत्यात सगळे नट-बोल्ट. सगळे म्हणजे सगळे. दाराचे, गिअरबॉक्सचे, सीटचे, ब्रेकचे, एकत्र.

आमचे दोन कारागीर तीन दिवस जमिनीवर ताडपत्री अंथरून ते वेचत बसले. तरी एक चूक झालीच. दिसायला सारखा पण थोडा लांब असलेला एक बोल्ट गिअरबॉक्सच्या आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात गेला. बोल्ट तळाला टेकला, पाना पुढे फिरला आणि अॅल्युमिनियमच्या केसिंगला चीर गेली. केसिंगचे पैसे आम्ही घेतले नाहीत, चूक आमची होती. तीन दिवसांची मजुरी मात्र घेतली. बिल बघून त्यांचा चेहरा पडला. आमचा पोती उघडताना पडला होता.

तेव्हापासून सुट्या भागांत आलेल्या गाडीला आम्ही वर्गवारीची मजुरी वेगळी लावतो आणि ती आधी सांगतो. काही जण याला लूट म्हणतात. त्यांनी एकदा येऊन ताडपत्रीवर आमच्याबरोबर बसावं, चहा आमचा.

पण बोल्ट हा त्यातला लहान भाग झाला. खरं नुकसान वेगळंच आहे. चालणारी गाडी बोलते, उघडलेली गाडी मुकी असते.

गाडी चालत आली तर पहिल्या दिवशी आम्ही पाना हातात घेत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक फेरी मारतो, परत येताना एमआयडीसीच्या आतल्या खड्ड्यांतून आणतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकाकडून टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा गेलाय. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली तर कुठलं तरी कॅलिपर अडकतंय किंवा मागच्या ड्रममध्ये तेल उतरलंय. दुसरा गिअर टाकताना करकरला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, नाही करकरला तर उघडायचाच नाही. सायलेन्सरमधून निळा धूर कधी येतो, गाडी सुरू करताना किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर, की चढावर सतत जोर देताना, यावरून व्हॉल्व्ह सील गेलेत की पिस्टनच्या रिंगा याचा बराचसा अंदाज येतो. मग स्पार्क प्लग काढून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायचं. एवढ्याने कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही हे ठरतं.

हेच इंजिन पोत्याशेजारी ठेवलेलं आलं तर आम्हाला सगळं खराब आहे असं धरून चालावं लागतं. जो गिअरबॉक्स उघडायची गरजच नव्हती तोही उघडला जातो. त्यात आपली खाडीकाठची हवा. हेड, म्हणजे वरचं झाकण, काढलेल्या इंजिनाचे सिलिंडर पावसाळ्यात काही दिवसांतच तांबूस पडतात. ब्रेकचे पाइप उघडे ठेवले तर आतलं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. चांगले ब्रेक हौसेने खराब करून आणलेले लोक आम्ही पाहिलेत.

आणि वायरिंग! कपलरची, म्हणजे वायरींच्या जोडाची, खुट्टी दाबून ओढायचं असतं. रविवारी संध्याकाळी अंधार पडत आला की कटर चालतो. कापलेल्या त्रेचाळीस वायरी, त्यातल्या निम्म्यांचा रंग उडालेला, हे कोडं सोडवायला इलेक्ट्रिशियन दिवसाच्या हिशेबाने पैसे घेतो.

आधीच उघडली असेल तर

लाजू नका, या. पण आजपासून पुढचा एकही भाग काढू नका. जे निघालंय त्याचे बोल्ट निदान जागेप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि आत कागदाची चिठ्ठी टाका. पिशवीवर लिहिलेलं मार्कर पेन ग्रीसने पुसलं जातं. काढतानाचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर पुसू नका, अंधुक असले तरी कामाला येतात. डाव्या आणि उजव्या बाजूचं सामान वेगळं ठेवा. एखादा भाग काढावाच लागला तर भाग निघाल्यावर त्याचा बोल्ट त्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवा. आमचे उस्ताद तीस वर्षं हेच करतात. बोल्ट ठेवायला यापेक्षा चांगली जागा अजून कोणी शोधलेली नाही.

गाडी सुटी करायची हौसच असेल तर सीटा, कार्पेट आणि दारांचे आतले पॅड काढा. त्याने गाडीचं चालणं थांबत नाही. उलट कार्पेटखालचा पत्रा दिसला तर आमचं निम्मं काम होतं. पेचकस घेऊन फ्लोअर, बॅटरीखालचा ट्रे, दारांखालच्या पट्ट्या आणि स्टेपनीची खोबण टोचून बघा. पेचकस आरपार गेला तर गाडी आधी पत्राकामाला. सर्वात आधी पत्रा, मग इंजिन-सस्पेन्शन, रंग सगळ्यात शेवटी. नवा कोरा रंग मारून आणलेल्या गाडीवर वेल्डिंग करताना आम्हालाच वाईट वाटतं. जून ते सप्टेंबर आम्ही रंगकाम घेत नाही, दमट हवेत प्रायमरखाली ओल अडकते आणि दिवाळीपर्यंत फोड येतात. बाजूचे गाळे घेतात, त्यांच्याकडे जायला आमची ना नाही.

आरटीओ

हा भाग कंटाळवाणा आहे, पण गाडी न उघडण्याचं सर्वात मोठं कारण इथेच आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर. प्रदूषणाचे बीएस-४ नियम आल्यावर मुंबईसह तेरा शहरांत आठशेची विक्री एप्रिल २०१० मध्ये थांबली, उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये संपलं. म्हणजे आपल्या भागातल्या बहुतेक आठशे नूतनीकरणाच्या फेऱ्यात आल्याच आहेत. नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी समोर न्यावी लागते. पोती नेऊन चालत नाहीत. मधल्या काळात मुदत उलटली की दंड वाढत जातो. म्हणून आरसीची तारीख जवळ असेल तर आधी नूतनीकरण, मग आमच्याकडे. चेसिस नंबर असलेला पत्रा घासू किंवा रंगवू नका. त्या आकड्यांचा पेन्सिलने छाप घेतात, तो उमटला नाही तर हेलपाटे तुमचे.

"विंटेजमध्ये टाकून घेऊ का?" असंही विचारतात. विंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांची लागते आणि ती मूळ रूपात असावी लागते. सगळ्यात पहिली आठशे डिसेंबर १९८३ ची. तिलाही २०३३ पर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर तिच्या दारावर पांढरा गोल नसला तर बरं.

वारंवार येणारे प्रश्न, थोडक्यात

मारुतीच्याच मोठ्या एस्टीमचं इंजिन बसेल का? बसवणारे आहेत. आम्ही रस्त्यावरच्या गाडीत बसवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते. आहे त्या इंजिनाचा कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह आणि टायमिंग नीट केलं तरी पुष्कळ लोकांना गाडी बदलून आणल्यासारखी वाटते. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्या, तेवढं होतं.

झेनची तेरा इंची चाकं? गाडी उठून दिसते, मान्य. पण आठशेचा १४५/७० आर१२ टायर साधारण ५०८ मिमी व्यासाचा आणि झेनचा १४५/७० आर१३ साधारण ५३३ मिमीचा. गाडी १०० किमी जाते तेव्हा मीटर ९५ दाखवतो. एरवी चालून जाईल. पण तुमच्यातले बहुतेक जण ज्या टीएसडी रॅलीत उतरणार, म्हणजे ठरलेल्या सरासरी वेगाने ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी पोचायचं, तिथे उशिरा आलं तरी दंड आणि लवकर आलं तरी दंड. तिथे पाच टक्क्यांची चूक म्हणजे रॅली घरी बसून पाहिल्यासारखं. चाकं बदललीत तर अंतर मोजणारा ट्रिपमीटर आमच्याकडून मोजून लावून घ्या, मोजलेल्या अंतरावर गाडी चालवून जुळवून देतो.

चार दिवे? हौसेने लावा, रिले (दिव्यांची वीज हेडलाइटच्या स्विचऐवजी स्वतःतून नेणारा वेगळा स्विच) आणि वेगळ्या फ्यूजसकट. ५५ वॉटचे चार म्हणजे १२ व्होल्टवर अठरा अँपिअरच्या वर, आणि १०० वॉटचे चार म्हणजे तेहतीस. हे सगळं जुन्या हेडलाइटच्या स्विचमधून ओढलं की स्विच वितळतो, कधी त्याच्या मागची वायरिंगही. रस्त्यावर दिव्यांना झाकण ठेवा, नाहीतर पोलीस थांबवतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. दिव्यांवरून भल्याभल्यांची फजिती झाली आहे. १९६६ च्या माँटे कार्लोत पहिल्या तीन क्रमांकांवर मिनी होत्या आणि तिन्ही हेडलाइटच्या नियमावरून बाद झाल्या.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवायचा नळ्यांचा सांगाडा? फक्त बंद रस्त्यावरच्या स्पर्धेसाठी आणि फक्त नियमातला. एफआयए या मोटारस्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाची २.५ मिमी जाड किंवा ५० मिमीची २ मिमी जाड सीमलेस पोलादी नळी लागते. प्लंबरचा जीआय पाइप आणून "हा वाकवून द्या" म्हणू नका. आणि रोजच्या गाडीत केज हवाच कशाला? हेल्मेट नसताना छोट्याशा धडकेतही डोकं त्याच लोखंडावर आपटतं. शिवाय त्या नळीचं वजन मीटरला अडीच किलोच्या आसपास जातं, गाडीचा हलकेपणा गेला की आठशे घेतली कशाला?

चेंबर गार्ड, म्हणजे इंजिनाच्या ऑइल चेंबरखालचा संरक्षक पत्रा, मात्र घ्याच. माळशेजला जाणार असाल, नाहीतर आपल्या सर्व्हिस रोडवरून नुसतं ऑफिसला जाणार असाल, तरी घ्या. आम्ही तीन मिमी पत्र्याचा करतो. अर्धा चौरस मीटर धरला तर बारा किलो भरतो. याहून जाड मागू नका, नाक जड होतं आणि पुढचे शॉकअप लवकर बसतात. ऑइल काढायच्या नटापुढे आम्ही भोक ठेवतो. बाजारातल्या तयार गार्डला ते नसतं आणि मग ऑइल बदलायला दर वेळी गार्ड उतरवावा लागतो.

आमची पद्धत

तपासणीचे पैसे आधी घेतो आणि काम आमच्याकडे दिलंत तर ते बिलातून वळते करतो. काम न देता यादी घेऊन गेलात तरी चालतं. यादी खरी असते आणि ती दाखवून दुसरीकडे भाव करणारे आम्हाला माहीत आहेत, त्यातले काही परतही येतात. एका वेळी दोनच गाड्या उघडतो, म्हणून नंबर लागायला वेळ लागतो. निघालेले जुने भाग पेटीत भरून परत देतो, भंगारात घालायचे की नाही ते तुम्ही ठरवा. तयार गाडी येऊरच्या वळणांवर रात्री ट्राय करायला नेणाऱ्यांचं पुढचं काम आम्ही घेत नाही. ते जंगल आहे आणि तिथे लोक राहतात.

शुक्रवारी बंद. पहिल्यांदा येताना सकाळी अकराच्या आत या, फेरी मारायला रस्ता मोकळा मिळतो. सोबत आरसी, विमा, पीयूसी, जमलीच तर जुनी बिलं, आणि टाकीत निदान पाच लिटर पेट्रोल.