एमएमए शिकल्याने खरोखर स्वतःचा बचाव करता येतो का?

वर्गात नाव घालण्यापूर्वी वाचा

रत्नागिरीतल्या आमच्या वर्गात चौकशीला येणाऱ्यांपैकी स्पर्धेत उतरायचं म्हणून येणारे थोडेच. बाकीच्यांची काळजी वेगळी असते. मुलगी शिकायला पुण्याला चालली आहे, रात्रपाळी संपवून एकट्याने वाडीपर्यंत चालत जावं लागतं, जेट्टीवर मासळीच्या लिलावात शब्दावरून शब्द वाढतो आणि हात उचलला जातो. अशा वेळी या शिक्षणाचा उपयोग होईल का, हे त्यांना हवं असतं. फी भरण्याआधी त्याचं सरळ उत्तर तुमच्या हाती असावं म्हणून हे पत्रक.

उपयोग होतो. त्याचं श्रेय डावांपेक्षा सरावाच्या पद्धतीला जास्त आहे. आणि वर्गात जे शिकवलं जातं ते जसंच्या तसं रस्त्यावर नेलं तर काही बाबतींत अंगाशीही येतं. दोन्ही गोष्टी पुढे सविस्तर दिल्या आहेत.

न ऐकणारा जोडीदार

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंग आणि मुय थाईचे ठोसे-लाथा, कुस्ती आणि ज्यूदोची पकड, ब्राझिलियन जिउ-जित्सूतलं जमिनीवरचं काम, हे सगळं एकाच लढतीत. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसी या एमएमएच्या स्पर्धामालिकेतली पहिली स्पर्धा झाली. वजनगट नव्हते, नियम नावापुरते होते. निरनिराळ्या विद्यांचे लढवय्ये समोरासमोर आले आणि अंगाने सडपातळ असलेल्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तिघांना शरण आणलं. त्या रात्रीपासून जगभरच्या आखाड्यांत एक प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला: समोरचा जीव तोडून प्रतिकार करत असताना तुमचा डाव लागतो का?

या प्रश्नाचं उत्तर जपानमध्ये जिगोरो कानो यांनी फार आधी शोधलं होतं. १८८२ मध्ये त्यांनी ज्यूदोची शाळा काढली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धविद्येतले ज्यांनी जोडीदार जायबंदी होईल असे डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले. त्यामुळे उरलेले डाव विद्यार्थ्यांना रोज, पूर्ण ताकदीने, खऱ्या प्रतिकाराविरुद्ध करून पाहता आले. डोळ्यांत बोटं घालण्याचा ‘जालीम’ डाव वर्षानुवर्षं हवेत करणाऱ्यापेक्षा, साधी पाडणी हजार वेळा धडपडणाऱ्या माणसावर केलेला विद्यार्थी जास्त भरवशाचा, असं आमचं ठाम मत आहे. आपल्या लाल मातीतल्या पैलवानाला हे समजावून सांगावं लागत नाही. दुहेरी पट काढताना समोरचा कधी उभा राहून वाट पाहत नाही, हे तो पोरवयातच शिकलेला असतो. म्हणूनच कुस्ती केलेली मुलं आमच्याकडे आली की फार लवकर तयार होतात.

स्वसंरक्षणाची अनेक प्रात्यक्षिकं तुम्ही शाळा-कॉलेजात पाहिली असतील. हल्लेखोर मनगट धरतो आणि स्तब्ध उभा राहतो, मुलगी झटका देऊन सुटते, टाळ्या पडतात. हेतू चांगला असतो, पण त्यातून फसवा आत्मविश्वास येतो. खऱ्या प्रसंगात छाती धडधडते, बोटं थरथरतात, नजर एकाच ठिकाणी खिळते आणि नाजूक हालचाली आठवत नाहीत. स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी लढायच्या सरावात, ही अवस्था सौम्य रूपात पुन्हा पुन्हा येते आणि हळूहळू अंगवळणी पडते. तोंडावर ठोसा बसला तरी डोळे मिटायचे नाहीत, हनुवटी खाली, हात वर, श्वास चालू. आमच्या मते सगळ्या शिकवणीत मोलाचं काही असेल तर हे. आठवडाभराच्या शिबिरात ते येत नाही. आठवड्यातून तीन दिवस, निदान सहा महिने यायची तयारी ठेवा.

मॅट आणि कातळ

आता उपयोगाच्या मर्यादा. रिंगणात पंच असतो, समोर एकच माणूस असतो, त्याच्या हातात काही नसतं आणि पाच मिनिटांनी घंटा होते. खाली मऊ मॅट असते. आपल्याकडे खाली जांभ्याचा कातळ असतो, चिऱ्यांची पाखाडी असते, जेट्टीचं ओलं काँक्रीट असतं. पावसाळ्यात तर शेवाळावर नुसतं उभं राहणंही कठीण. अशा जागी कोणाला अंगावर घेऊन खाली पडणं, किंवा पाठीवर झोपून पायांनी धरून ठेवणं, स्पर्धेत कितीही शोभलं तरी तिथे करू नका. त्याचा एखादा सोबती मागून आला की जमिनीवरचा माणूस पूर्ण उघडा पडतो. म्हणून जमिनीवरचं काम आम्ही शिकवतो ते मुख्यतः एका कारणासाठी: कोणी पाडलंच तर खालून सुटून पटकन उभं राहता यावं. उभं राहिलात की पळा.

उंच लाथाही विसरा. आणि ग्लोव्हशिवाय नुसत्या मुठीने कवटीवर ठोसा मारायचा मोह टाळा. करंगळीच्या बाजूचं हाताचं हाड मोडणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की डॉक्टर त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात. वर्गात हाताला पट्टी आणि ग्लोव्ह असतो, रस्त्यावर नसतो. तिथे तळहाताचा मनगटाजवळचा भाग आणि कोपर वापरायचं.

कोयत्याबद्दल वेगळं लिहायला हवं. आपल्याकडे तो घराघरात असतो, बागेत असतो, आणि बोटीवर सुरी असते. धारदार हत्यार हाती असलेल्या माणसासमोर रिकाम्या हाताने जिंकायची कोणतीही खात्रीची युक्ती नाही. अंतर वाढवा, मध्ये टेबल, गाडी, दार, जे मिळेल ते आणा, आरडाओरडा करा आणि निघा. पैसे किंवा मोबाइल मागत असेल तर देऊन टाका. सुरी हिसकावून घ्यायचं शिकवतो अशी जाहिरात करणाऱ्या कुठल्याही वर्गाला, आमच्यासकट, एवढंच विचारा: रबराची सुरी घेऊन पूर्ण वेगाने भोसकणाऱ्या माणसावर ते करून दाखवाल का?

ओळखीचा माणूस

काळोख्या वाटेवरचा अनोळखी हल्लेखोर डोळ्यांसमोर ठेवून बहुतेकजण वर्गात येतात. पण गडग्यावरून, वहिवाटीच्या वाटेवरून, वाटणीच्या आंब्यांवरून होणाऱ्या मारामाऱ्या आठवून पाहा. समोर चुलत भाऊ असतो, शेजारी असतो, नाहीतर शिमग्याला दारू पिऊन आलेला शाळासोबती असतो. इथे पहिला बचाव तोंडाने होतो: आवाज खाली, हात उघडे पण छातीच्या उंचीवर, दोन पावलं अंतर, आणि समोरच्याला मान राखून माघार घेता येईल असं एखादं वाक्य. आम्ही याचा सराव खोटीखोटी भांडणं लावून घेतो. सुरुवातीला सगळे लाजतात, पण हा भाग कोणालाही सोडता येत नाही.

मुलींच्या पालकांनी तर हे नीट लक्षात घ्यावं. देशात नोंदवलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीतले असतात. म्हणजे धोका जिथून येतो तिथे ठोसा मारायला मन आधी तयारच होत नाही: नात्यातला आहे, शिकवणारा आहे, लोक काय म्हणतील. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर ओळखणं, मनातला संकोच बाजूला सारून ठाम नकार देणं आणि शेवटी शरीराने प्रतिकार करणं असं त्याचं स्वरूप. पुढच्या वर्षभरात बलात्काराचं प्रमाण या गटात ५.२ टक्के राहिलं, प्रशिक्षण न मिळालेल्या गटात ते ९.८ टक्के होतं. ही तुलना आम्हाला कुठल्याही चषकापेक्षा महत्त्वाची वाटते, आणि मुलींच्या तुकडीचा क्रम आम्ही याच धर्तीवर लावला आहे. ‘नको’ हा शब्द मोठ्याने, नजरेला नजर देऊन म्हणायचा सराव तिथे ठोशांच्या आधी होतो.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क तिच्या कलम ३४ पासून पुढे दिलेला आहे. दोन मर्यादा पाठ करा. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही (कलम ३७). धोक्याची भीती टिकून आहे तोवरच हक्क टिकतो (कलम ४०). जिवाची, गंभीर दुखापतीची किंवा बलात्काराची रास्त भीती असेल तेव्हा कायदा बराच पुढे जाऊ देतो, पण समोरचा पडला, पळू लागला, शुद्ध हरपली, की थांबायचं. गळ्याचा चोक, म्हणजे गळा आवळणारी पकड, नीट बसला तर दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. तो त्यानंतरही धरून ठेवला तर जीव जाऊ शकतो. एका ठोशाने मागे पडून डोकं दगडावर आपटलं तरी तेच. शिकलेल्या हाताने जास्त सांभाळायचं असतं. सुटलात की ११२ ला फोन करा आणि घडलं ते आधी तुम्ही सांगा.

नाव घालायचं ठरलं तर

आधी येऊन संध्याकाळची एक तुकडी बसून पाहा, त्याचे पैसे नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांना आम्ही डोक्यावर मारू देत नाही. मोठ्यांचं स्पारिंगही हलक्या हाताने, माउथगार्ड लावून होतं. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा डोकेदुखी झाली, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत सराव बंद. हृदयाचा त्रास, फिट येणं, जुनी मानदुखी असेल तर पहिल्या दिवशीच सांगा.

अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि बिनखिशाची चड्डी घाला, नखं कापून या, अंगठी, साखळी, जोडवी काढून ठेवा. आपल्या दमट हवेत गजकर्ण फार लवकर पसरतो. मॅट आम्ही रोज पुसतो, पण अंगावर चट्टा दिसला तर तो बरा होईपर्यंत घरीच थांबा. ते दिवस पुढच्या महिन्यात धरून देऊ.